चाळींतील गांवकी

घरें बांधणें आणि वस्ती वसविणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, ही गोष्ट दप्तरांत सहसा नोंदलेली सांपडत नाहीं. किती इमारती उठल्या, किती खोल्या झाल्या, दर खोलीस खर्च किती आला व भाडें किती ठरलें, याचे तक्ते दप्तरांत असतात. परंतु त्या खोल्यांतून राहावयास आलेलीं अनोळखी माणसें एकमेकांचे शेजारी केव्हां व कशीं झालीं, याचा तक्ता कोणी मांडीत नाहीं. मुंबईच्या कामगारवस्तीचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहूं जातां, यांतील पहिलें काम सरकारनें, ट्रस्टानें व मालकांनीं केलें, आणि दुसरें बहुतांशीं भाडेकऱ्यांनीं स्वतःच केलें, असें आम्हांस दिसतें. आज त्याच चाळी पाडून त्यांच्या जागीं चाळीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहत असतां हा इतिहास एकदां नीट पाहून ठेवणें अगत्याचें आहे. कारण एखादें काम कोणीं केलें हेंच ठाऊक नसलें, म्हणजे तें मोडलें तरी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

हा विषय आम्ही उंब्रजाकडून पाहणार आहों. उंब्रज हें सातारा जिल्ह्याच्या कऱ्हाड तालुक्यांतील, तारळी नदी कृष्णेस मिळते तेथील बाजाराचें गांव. पुणें–बेंगळूर हमरस्ता गांवास लागून जातो, आणि कृष्णेपलीकडे मसूरचें स्टेशन आहे. पुणें–मिरज लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत झाला, तेव्हांपासून पुण्यास गाडी बदलून मुंबई गांठणें या भागांतील माणसास सोपें झालें. गांवाच्या पश्चिमेस पाटणचा डोंगराळ मुलूख. तेथें पाऊस उदंड, पण जमीन निकस व वांटे लहान. पूर्वेस माण–खटावाकडे पावसाचा भरंवसा नाहीं. मधल्या कृष्णाकांठची जमीन काळी व कसदार खरी. तथापि एकच खातें चार भावांत वांटलें गेलें, म्हणजे तेथेंही एक भाऊ नांगरास व दुसरा गिरणीस, अशी विभागणी घरोघर होऊं लागली. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबई शहरांतील शेंकडा ८४ माणसें शहराबाहेर जन्मलेलीं आढळलीं. त्यांत रत्नागिरी, सातारा, पुणें व कुलाबा या जिल्ह्यांचा वांटा मोठा होता. अर्थात् मुंबईची कामगारवस्ती म्हणजे मुंबईकरांची वस्ती नव्हती. ती अशा शेंकडों उंब्रजांची मुंबईंतील शाखा होती.

या माणसांच्या राहण्याकडे सरकारचें लक्ष गेलें तें दयेनें नव्हे, भयानें गेलें. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपाताचे पहिले रोगी डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ओळखले, आणि पुढील कांहीं महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती पळून गेली. गिरण्या ओस पडल्या. दाटीवाटीच्या, उजेड-वाऱ्याला पारख्या झालेल्या घरांत रोग वाढतो हें ध्यानांत आल्यावर १८९८ सालीं कायदा होऊन मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले, जुने मोहल्ले पाडले आणि कांहीं चाळी बांधल्या. परंतु पहिल्या वीस वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या मानानें नव्या खोल्या कमीच झाल्या. ज्यांचीं घरें गेलीं ते लोक जवळच्या दुसऱ्या गल्ल्यांत शिरले व तेथील दाटी वाढली. रोग एका आळींतून हुसकून दुसऱ्या आळींत पाठविण्याचाच हा प्रकार होता. १९३३ सालीं ट्रस्ट म्युनिसिपालिटींत विलीन झाला; त्याच्या चाळी मात्र ‘बी. आय. टी.’ या तीन अक्षरांनीं लोकांच्या तोंडीं राहिल्या.

पहिल्या महायुद्धानंतर भाडीं फार चढलीं, तेव्हां गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनीं १९२० सालीं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हें नवें खातें काढलें. मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसवून एका खोलीचीं ५०,००० बिऱ्हाडें बांधावयाचीं, असा संकल्प होता. प्रत्यक्षांत सुमारें १६,००० झालीं. वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाईल रोडवर ३२ व शिवडीस १२ अशा सिमेंट-काँक्रीटच्या या चाळी. तळमजल्यासह चार मजले, मजल्याच्या मधोमध एक लांब बोळ व त्याच्या दोन्ही अंगांस मिळून २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. खोल्या अंधाऱ्या, भाडें कामगारास न झेपणारें, आणि वरळी तर तेव्हां गिरण्यांपासून दूर. यामुळें बरींच वर्षें पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. घरांची इतकी टंचाई असतांही घरें रिकामीं राहावीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. माणसास चार भिंती लागतातच, परंतु त्या कामाजवळ, नात्यागोत्याजवळ आणि उधार देणाऱ्या वाण्याजवळ लागतात, हा हिशेब खात्याच्या तक्त्यांत नव्हता.

असा हिशेब मांडूं शकणारा एक मनुष्य त्याच वेळीं मुंबईंत होता. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस हे १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. जुना मोहल्ला सरसकट पाडूं नये. कुशल शस्त्रवैद्य जेवढा भाग सडला तेवढाच कापतो, त्याप्रमाणें मोडकळीस आलेलीं थोडीं घरें काढून वाट व हवा मोकळी करावी, विहीर, पार व देऊळ राखावें, आणि हें सर्व राहणाऱ्या लोकांस बरोबर घेऊन करावें, असें त्यांचें मत होतें. १९१७ च्या सुमारास होळकरांच्या इंदुरांत त्यांनीं याचा प्रयोग केला. ज्या रस्त्यांवरील घरें अधिक साफ होतील त्या रस्त्यांनीं दिवाळीची मिरवणूक जाईल, असें त्यांनीं जाहीर केलें. मिरवणुकींत प्लेगाच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती. हुकमानें जें झालें नसतें तें चढाओढीनें व सणाच्या उत्साहानें झालें. परंतु मुंबईच्या बांधकामखात्यास या विचाराचा उपयोग करून घेण्याची बुद्धि झाली नाहीं.

मग वस्ती वसविली कोणीं? तिचा पाया बहुतेक ठिकाणीं गांवकीनें घातला. एका गांवचे, निदान एका खोऱ्याचे लोक मिळून एक खोली घेत. तिला गाळा किंवा गांवाची खोली म्हणत. आम्ही १९८९ सालीं शिक्षणाच्या कामानिमित्त लालबागेकडील अशा एका खोलींत पंधरा दिवस राहिलों आहों. भिंतीशीं पत्र्याच्या पेट्यांची उतरंड, वर वळकट्या. दिवसपाळीचे लोक उठून गेले कीं रातपाळीचे येऊन त्याच जागीं आडवे होत. झोंपण्यास जागा पुरत नसे, तेव्हां कांहींजण बाहेर व्हरांड्यांत पथारी टाकीत. खोलीची एक जाड वही होती. वर्गणी कोणाची आली, कोणाची राहिली, आजारी माणसास किती दिलें, कोणाच्या मयतास किती खर्च झाला, यात्रेसाठीं गांवीं किती धाडले, हें सर्व तींत लिहिलेलें असे. नवा मुलगा गांवाहून आला तर काम लागेपर्यंत त्याच्याकडून कांहीं घ्यावयाचें नाहीं, असा नियम होता. आम्हीही त्या नियमाचा लाभ घेतला आहे. असा मुलगा बहुधा गांवच्याच एखाद्या जॉबराच्या ओळखीनें गिरणींत बदली म्हणून चिकटे. महिन्याची बैठक असे, तींत तंटे मिटत. सारांश, उंब्रजाकडील चावडीचें व पाराचें काम तेथें त्या एका खोलींत चालत असे.

हा प्रकार देशावरच्या लोकांपुरताच होता असें नाहीं. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांनीं व आचाऱ्यांनीं धोबीतलाव, माझगांव या भागांत आपापल्या गांवांचे ‘कूड’ एकोणिसाव्या शतकांतच काढले होते. तेथेंही पेट्यांची रांग, वर्गणी आणि वही. भिंतीशीं ग्रामसंताची वेदी व संध्याकाळीं सामुदायिक प्रार्थना. धर्म निराळा, भाषा निराळी, पण युक्ति एकच. परक्या शहरांत एकटें पडलेल्या माणसास गांवचा आधार पाठीशीं असणें, हेंच दोन्हींचें मर्म होय.

या पायावर पुढें शेजार चढत गेला. १८९३ सालीं गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. ती चाळ मध्यमवर्गीयांची खरी, परंतु तो प्रघात लवकरच गिरणगांवांत पसरला. गांवोगांवचे गाळे निराळे असले तरी चाळीचा गणपति एक असल्यामुळें कोंकणच्या व घाटावरच्या माणसांस एका वर्गणीच्या वहींत यावें लागलें. तालमी, भजनी मंडळें, लेझीम, वाचनालयें यांचेंही काम असेंच झालें. आमच्या शेजारच्या वाळवें तालुक्यांतील वाटेगांवचे अण्णा भाऊ साठे आईबापांबरोबर पायीं चालत मुंबईस आले, आणि पुढें अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनीं काढलेलें लाल बावटा कलापथक याच चाळींच्या पटांगणांत उभें राहिलें. गांवचा तमाशा त्या पटांगणांत कामगारांच्या प्रश्नांवर बोलूं लागला.

बाहेरून मदतीस आलेल्यांत जे शहाणे होते, त्यांनीं हा पाया ओळखला. भारत सेवक समाजाचे नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रीच्या शाळा, फिरतीं वाचनालयें, दवाखाने, सहकारी पतपेढ्या असें तिचें काम कामगारांच्या दारांत जाऊन चाले. ज्या डिलाईल रोडवर सरकारी चाळी उभ्या राहिल्या, त्या रस्त्यास पुढें याच जोशांचें नांव दिलें गेलें. लंडनच्या पूर्व भागांत कॅनन बार्नेट यांनीं १८८४ सालीं टॉयन्बी हॉल व शिकागोंत जेन ॲडम्स यांनीं १८८९ सालीं हल हाऊस काढलें. सुशिक्षितांनीं गरिबांच्या वस्तींत जाऊन शेजारी म्हणून राहावें, हें या दोन्ही संस्थांचें सूत्र होतें. शिकागोंत शिकलेले डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ड अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२५ सालीं मुंबईस आले आणि १९२६ सालीं नागपाड्यास नेबरहूड हाऊस सुरू झालें. तेथील अनुभवांतूनच १९३६ सालीं सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघालें. तेंच आजचें टाटा समाजविज्ञान संस्था हें विद्यापीठ होय. सरकारनेंही १९३९ पासून कामगार कल्याण केंद्रें काढलीं, व १९५३ च्या कायद्यानें त्यांस कायमचा निधि मिळाला. तेव्हां शेजार उभा करण्याची विद्या आपल्याकडे नव्यानें आयात करावयाची आहे, असें ज्यांस वाटतें त्यांनीं एवढा इतिहास ध्यानांत घ्यावा.

या शेजाराची कसोटी संपांत लागे. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारें दीड लाख कामगार संपावर राहिले. इतके महिने पगारावांचून माणसें तगलीं तीं वाण्याच्या उधारीवर, चाळींतील परस्परांच्या मदतीवर आणि मुख्यतः गांवच्या दाण्यावर. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार होते. तो संप रीतसर मागें घेतलाच गेला नाहीं. आम्ही तेव्हां प्राथमिक शाळेंत होतों. दिवाळीस व यात्रेस येणारीं माणसें भलत्याच महिन्यांत, पत्र्याच्या पेट्या घेऊन हमरस्त्यावर उतरूं लागलीं, हें आम्हांस चांगलें आठवतें. पूर्वीं ज्या घरांत त्यांच्या मनिऑर्डरीची वाट पाहिली जाई, त्याच घरांत आतां त्यांचें ताट वाढलें जाऊं लागलें. कोणी उघड कांहीं बोलत नसे. परंतु भावाभावांतील तें अवघडलेपण मुलांसही समजत असे. त्यांतील कांहीं परत गेले, कांहीं शेतावर राबूं लागले, कांहीं पारावर बसून राहिले.

येथपर्यंत आम्हीं या गांवकीचे गुण सांगितले. आतां दुसरी बाजू न सांगणें हा वाचकांशीं अप्रामाणिकपणा होईल. गांवाहून जसा पार आला, तसा गांवकुसाबाहेरचा भेदही आला. गांवची खोली म्हणजे बहुधा गांवांतील एका जातीची खोली असे. परळच्या बी. आय. टी. चाळींत डॉ. आंबेडकर अनेक वर्षें राहिले. बॅरिस्टर झालेल्या, परदेशीं नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या माणसाचें बिऱ्हाड दोन खोल्यांत होतें, यास केवळ त्यांची आर्थिक स्थितिच कारण नव्हती. इतर वस्तींत अस्पृश्यास घर मिळणें दुरापास्त होतें. १९२४ सालीं त्यांनीं काढलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचें कार्यालय त्याच परळांत दामोदर हॉलमध्यें होतें. शेजार जेथें नाकारला गेला, तेथें नवा शेजार उभा करण्याचेंच तें काम होतें. पुढें ५ जानेवारी १९७४ रोजीं वरळीच्या चाळींत सवर्ण व दलित यांच्यांत दंगल पेटली व ती कित्येक दिवस चालली. एका नळावर पाणी भरणारीं, एका गिरणींत राबणारीं माणसें एकमेकांवर दगड घेऊन धांवलीं. भिंत सामायिक असल्यानें मन सामायिक होतें, असें समजणाऱ्यांनीं ही तारीख विसरूं नये.

स्त्रियांचीही अशीच गोष्ट. गांवच्या खोलीच्या वहींत बाईचें नांव नसे, परंतु त्या खोलींतील माणसांस जेवूं घालणारी खाणावळवाली बाईच असे. संप आला कीं तिची उधारी बुडे. सावकार मात्र तिच्या दारीं येई. १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं अशा स्त्रियांस एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें व त्यांस बँकेचें कर्ज मिळवून दिलें. पाऊणशें वर्षें ज्यांच्या तव्यावर गिरणगांव जगलें, त्यांची पत कागदावर येण्यास इतका काळ लागला.

आतां चाळी पाडल्या जात आहेत. वरळीच्या पुनर्विकासाचें भूमिपूजन २०१७ सालीं झालें. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं तेथील पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या ठिकाणीं ५०० चौरस फूट, आणि घरांत स्वतंत्र संडास. याविषयीं हळहळ व्यक्त करणें आम्हांस मुळींच संमत नाहीं. ज्यांनीं रांगेंत उभें राहून चार पिढ्या काढल्या, त्यांस दाराआडचें जीवन मिळालें, तर लांबून चाळीचें कौतुक करणाऱ्यांनीं त्यांत दुःख मानण्याचें कारण नाहीं. परंतु नव्या इमारतींत कोणास कोणता मजला मिळावा हें सोडतीनें ठरतें. सोडत निःपक्षपाती खरी. तिच्यानें वशिला टळतो, आणि जातवार मजले होण्याची भीतिही कमी होते. तथापि जो शेजार बोळाच्या दोन बाजूंस तीन पिढ्यांत जमला, तो तिच्यानें एका दिवसांत विखुरतो. म्हणून सोडतीबरोबर कांहीं गोष्टी मुद्दाम कराव्या लागतील. प्रत्येक इमारतींत सभेस, अभ्यासिकेस व मयताच्या प्रसंगीं बसावयास मोकळी जागा हवी. तिचा कारभार भाडेकऱ्यांच्या मंडळाकडे हवा, आणि त्या मंडळाच्या वहींत सर्व जातींचीं व बायकांचीं नांवें पहिल्या पानापासून हवींत. जुन्या गांवकींतून घ्यावयाचें तें वर्गणीची शिस्त, आल्यागेल्याची विचारपूस आणि आपलें काम आपण करण्याची संवय. टाकावयाचें तें तिचें कुसूं.

हा प्रश्न मुंबईपुरताही राहिलेला नाहीं. आमच्या उंब्रजाकडेही हमरस्त्याच्या कडेनें मजल्यांचीं घरें उठत आहेत व तींत नोकरी-व्यापारानिमित्त परगांवचीं कुटुंबें येऊन राहत आहेत. ज्या भागानें मुंबईस गांवकी पुरविली, त्याच भागांत आतां जिन्यावर भेटलेल्या माणसाचें नांव ठाऊक नसतें.

शेवटीं एक विनंति. चाळींतील खोल्या रिकाम्या होत असतां गांवोगांवच्या मंडळांच्या त्या जाड वह्या रद्दींत जाऊं लागल्या आहेत. मागील खेपेस मुंबईस गेलों असतां आम्हीं आमच्या त्या खोलीच्या वहीची चौकशी केली. खोली सोडली तेव्हां पेट्या गांवीं नेल्या, वही कोणीं नेली हें कोणास सांगतां आलें नाहीं. ज्यांच्या घरीं अशी वही असेल त्यांनीं ती जपावी, जवळच्या ग्रंथालयास किंवा महाविद्यालयास दाखवावी, आणि महाविद्यालयांतील आमच्या बंधूंनीं विद्यार्थ्यांकडून तिच्या नकला करवून घ्याव्या. सरकारी तक्त्यांत जें नाहीं, तें तेवढ्या पानांतच लिहिलेलें आहे.